‘बी-फिफ्टीटूज्’ : वाद्यवृंदातील स्थानबदल आणि शैलीचे सातत्य

प्रमुख वादक गेला, म्हणजे त्याच्या जागी दुसरा नेमून काम पुढे चालविणे, ही वाद्यवृंदांची सर्वसाधारण रीत होय. अमेरिकेतील ‘न्यू वेव्ह’ प्रवाहातील ‘बी-फिफ्टीटूज्’ या वृंदाने मात्र रिकामी जागा बाहेरून भरली नाही. वृंदातीलच एकाने आपले वाद्य सोडून ती घेतली. शैली व्यक्तीत असते की पद्धतीत, या प्रश्नाच्या दृष्टीने हे उदाहरण अभ्यसनीय आहे.

जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९७६ साली हा वृंद जन्मास आला. केट पियर्सन, फ्रेड श्नायडर, कीथ स्ट्रिकलंड आणि रिकी व सिंडी विल्सन ही भावंडे, असे पाच जण त्यात होते. बेस गिटार वाजविणारा कोणी नव्हता. खर्जाचे बरेचसे काम पियर्सन कळफलकावरच भागवीत. स्ट्रिकलंड यांच्याकडे ड्रम होते. रिकी विल्सन यांचे गिटारवादन हे या रचनेचे खरे मर्म. सहा तारांपैकी मधली एखादी किंवा दोन तारा ते काढून टाकीत आणि उरलेल्या प्रचलित पद्धतीहून निराळ्या जुळवीत. त्यामुळे खालच्या तारांवर खर्जाची ठसठशीत चाल आणि वरच्या तारांवर झणत्कार, असे दुहेरी काम एकाच वाद्यातून निघे. मधली जागा मोकळी राही, आणि दोन स्त्रीकंठ व श्नायडर यांचे अर्धवट बोलण्यासारखे गायन तेथे सामावे. उणीव हीच येथे योजना ठरली.

१२ ऑक्टोबर १९८५ रोजी एड्स या रोगाने रिकी विल्सन वयाच्या ३२ व्या वर्षी निवर्तले. आजाराची कल्पना त्यांनी सहकाऱ्यांपैकी केवळ स्ट्रिकलंड यांना दिली होती. सख्ख्या बहिणीलाही ती नव्हती. चौथी ध्वनिमुद्रिका १९८६ मध्ये निघाली, पण तिच्यासाठी दौरा झाला नाही. वृंद संपला असेच त्या काळी वाटावे.

स्ट्रिकलंड यांनी ड्रम सोडून गिटार घेतली. रिकींची तारा जुळविण्याची पद्धत त्यांनी जवळून पाहिलेली होती. ‘कॉस्मिक थिंग’ (१९८९) या ध्वनिमुद्रिकेत ड्रम व बेस यांसाठी चार्ली ड्रेटन, सारा ली इत्यादी वादक घेतले गेले. परंतु त्यांना सदस्यत्व मिळाले नाही. त्यातील ‘लव्ह शॅक’ हे गीत बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या स्थानी पोहोचले. ध्वनी अधिक भरीव व गुळगुळीत झाला, हे मान्य करावे लागेल. पूर्वीचा विक्षिप्त रितेपणा त्यात पुष्कळसा हरवला.

१९९० मध्ये सिंडी विल्सन बाहेर पडल्या. ‘गुड स्टफ’ (१९९२) तिघांनीच केली. मैफलींत ज्यूली क्रूझ यांनी त्यांची बाजू सांभाळली खरी, तथापि पियर्सन यांच्या आवाजाला लागणारा तो जोडकंठ ध्वनिमुद्रिकेत नाही, आणि ही उणीव गिटारच्या गाळलेल्या तारेसारखी उपकारक ठरली नाही. १९९८ च्या संकलनातील नव्या गीतांत सिंडींचा आवाज पुन्हा ऐकू येतो.

२०१२ च्या अखेरीस स्ट्रिकलंड यांनीही दौरे थांबविले. सदस्यत्व मात्र सोडले नाही. त्यानंतर रंगमंचावर गिटार दुसरा वादक वाजवू लागला.