देवघरातला गोटा आणि पुडीतला काटा

मागच्या सेमिस्टरला पी.एल. चालू असताना माझ्या रूम पार्टनरच्या पोटात रात्री दोन वाजता अशी कळ उठली की पठ्ठ्या कॉटवरून खालीच. मुतखडा, हे घरच्यांनी फोनवरच ठरवलं आणि चार दिवसांत पुडी पाठवली. पुडीवर लिहिलं होतं, ‘हजरुल यहूद भस्म’. सोबत मूळ दगडाचे दोन तुकडेही होते. बोरासारखे, पण अंगावर उभ्या रेघा.

हा दगड नाहीच, असं मला नंतर वाचताना कळलं. तो सी-अर्चिनचा काटा आहे. सी-अर्चिन म्हणजे अंगभर काटे असलेला, छोट्या साळिंदरासारखा दिसणारा समुद्री प्राणी. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो मेला, गाळात पुरला गेला आणि त्याचे जाड काटे दगडात टिकून राहिले. म्हणजे आमच्या रूममध्ये चक्क जीवाश्म होता आणि पार्टनर रोज सकाळी तसलाच एक जाळून केलेलं भस्म मधातून चाटत होता! हजरुल यहूद म्हणजे यहुद्यांचा दगड. युनानीत तो याच नावाने चालतो, आपले वैद्य त्याला बेरपत्थर किंवा बदराश्म म्हणतात आणि मुळ्याच्या रसात घोटून भस्म करतात. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानेही तो लघवीच्या खड्यावर सांगितला आहे. दिसायला खड्यासारखा, म्हणून खड्यावर औषध, असा तर्क असावा.

यावरून मला आमच्या बाळापूरच्या घरातला शाळिग्राम आठवला. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचं आमचं गाव, किल्ल्यासाठी आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीसाठी प्रसिद्ध. लहानपणी मी तो काळा गोटा खेळायला घेतला तर आजोबा ओरडले होते, “गोटा नाई रे बाप्पा, देव हाय तो!” शाळिग्राम नेपाळातल्या काली गंडकी नदीत मिळतात. वृंदेच्या शापानं विष्णू दगड झाला, ही तुळशीच्या लग्नामागची कथा आपल्याला माहीत आहेच. आतली चक्रं वज्रकीट नावाच्या किड्यानं कोरली, असं पुराणं सांगतात. विकत घेऊ नये, मोल करू नये, वडीलधाऱ्यांकडून यावा, हा संकेत. (आता इंटरनेटवर भाव लावून विकतात, आणि त्यात नकली किती ते तोच जाणे.) आणि त्यावरचं तीर्थ घेतलं की सगळ्या व्याधी जातात, अशी श्रद्धा.

ते चक्र म्हणजे अमोनाइट. कालव-शिंपल्यांचा लांबचा आणि माकूल-ऑक्टोपसचा जवळचा नातेवाईक. त्याच्या गुंडाळलेल्या शंखाला आत कप्पे असायचे. हिमालय उठण्यापूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात हे शंख पुरले गेले, भोवती गाळ घट्ट होऊन गोटा झाला. कधी शंख आत राहिला, कधी नुसता ठसा. काहींत सोन्यासारखी चमक दिसते, ते सोनं नव्हे, पायराइट. केमिस्ट्रीवाल्यांनी सूत्र सांगावं. पुढे तळ वर उचलला गेला, म्हणून समुद्रातला प्राणी आज मुक्तिनाथच्या बाजूला साडेतीन हजार मीटरवर सापडतो. अमोनाइट नामशेष झाले ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या वऱ्हाडाखालचा काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता, त्याच सुमारास. सुट्टीत आजोबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग मत्स्यावतार काय विहिरीत झाला व्हता?” व्हायवात असा प्रश्न आला तर आपण गप्पच.

आपल्याकडे विहीर खणताना चकाकणारे दगड निघतात, ते मात्र जीवाश्म नव्हेत. त्या गारगोट्या, लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक. जत्रेत विकायला असलेलं गोमती चक्रही जीवाश्म नाही, ते समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण. विदर्भाचा खरा खजिना चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला आहे: डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं ही समजूतच मोडली. त्याची मात्र अजून कोणी पुडी बांधलेली दिसत नाही!

आता मुद्द्याचं. तीर्थाच्या पळीभर पाण्यानं कोणाचं बिघडत नाही. पुडीचं तसं नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांवरचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला, आमच्या तालुक्याचाही बराच भाग त्यात. खारं पाणी, त्यात मे महिन्याचं ऊन, त्यामुळे किडनीच्या तक्रारी घरोघरी आणि पुड्याही घरोघरी. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. पुडीसोबत ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगतातच, त्याचाही उपयोग होतो. श्रेय जातं भस्माला. भस्मानं खडा विरघळतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. दगडाच्या तुकड्यावर आम्ही लॅबमध्ये सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, फसफसून बुडबुडे आले. कॅल्शियम कार्बोनेट, आपला चुनखडीच!

पार्टनरचंही तेच झालं. तिसऱ्या दिवशी कळ थांबली, सगळे खूश, सोनोग्राफी राहूनच गेली. तीन आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला आणि रात्रीच अ‍ॅडमिट करावं लागलं. खडा मूत्रनलिकेत अडकलेला, वर किडनी सुजलेली. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नसतं, आणि अडकलेल्या खड्यासोबत ताप आला तर सकाळची वाट बघायची नसते, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही चांगलंच सुनावलं. एक पेपर बुडाला, किडनी वाचली.

काढलेला खडा तपासून आला: कॅल्शियम ऑक्झलेट, नऊ मिलिमीटर. छोट्या बाटलीत घालून त्याच्या टेबलावर ठेवलाय, शेजारी ते दोन काटे. बघायचे असतील तर रात्री मेसनंतर या.