परवाना देशाचा, मग पत्ता कुणाचा?

धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतला आपला माणूस पोटासाठी सुरतेला जातो, ही गोष्ट नवी नाही. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी बोली रोज कानावर पडते. कुणी मागावर आहे, कुणी हमाली करतो, कुणी टेम्पो चालवतो. राज्य बदलले की मजुरी बदलते, पण कागदांचा जाच मात्र पाठ सोडत नाही.

असाच एक तरुण टेम्पोचालक आमच्याकडे आला. परवाना धुळ्याचा, मुक्काम सुरतेला, आणि मुदत संपायला दोन महिने उरलेले. "महाराष्ट्राचं लायसन इथं चालत नाही, नवीन काढावं लागेल," असे एका एजंटाने त्याला सांगितले होते. जुने आहे हे लपवायचे, एवढीच अट! त्यासाठी एजंटाने मागितलेली रक्कम त्याच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त होती.

आम्ही त्याच्यासमोर मोटार वाहन कायदा, 1988 उघडला. कलम 13 सांगते की परवाना संपूर्ण भारतात चालतो. कलम 6 सांगते की एक परवाना चालू असताना दुसरा बाळगता येत नाही. म्हणजे एजंट पैसे घेऊन या तरुणाला कायदा मोडायलाच लावत होता. कलम 15 नुसार परवान्याचे नूतनीकरण कोणतेही परवाना प्राधिकरण करू शकते. मूळ परवाना ज्या कार्यालयाने दिला, त्याला तसे कळवण्याची जबाबदारीही नूतनीकरण करणाऱ्या कार्यालयाची आहे. म्हणजे रोज बुडवून धुळ्याला खेटे घालण्याचे कारण उरत नाही.

मग हा गैरसमज येतो कुठून? लोक वाहन आणि वाहनचालक यांत गल्लत करतात. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवले, तर कलम 47 प्रमाणे तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कलम 48 खाली जुन्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. हा नियम गाडीचा आहे. गाडीला नवा नंबर लागतो, माणसाला नवा परवाना लागत नाही. मात्र मुदतीबाबत बेसावध राहू नका. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी 30 दिवसांची सवलत 2019 च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. संपल्यापासून एक वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

खरी अडचण पुढेच होती. सुरतेत अर्ज करायचा तर सुरतेचा पत्ता हवा. आधारवर गावचा पत्ता. खोली भाड्याची. घरमालक दर महिन्याला भाडे मोजून घेतो, पण भाडेकरार करून देत नाही. आणि ही खोली तरी सहज मिळाली का? त्याआधी तीन ठिकाणी आडनाव विचारले गेले, आणि आडनाव ऐकल्यावर खोली "आधीच दिली आहे" असे उत्तर मिळाले. संविधानाचा अनुच्छेद 19 देशात कुठेही राहण्याचे, स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देतो. पण ज्याला जातीमुळे खोली मिळत नाही आणि मिळालीच तर कागद मिळत नाही, त्याचे हे स्वातंत्र्य आरटीओच्या खिडकीशी येऊन अडते.

यावरही कायद्यात वाट आहे, ती आपल्या माणसांना ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 4 पत्त्याच्या पुराव्यांची यादी देतो. त्याचे परंतुक सांगते की अर्जदाराला योग्य कारणाने यांतला एकही पुरावा देता आला नाही, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र अधिकारी स्वीकारू शकतो. आम्ही ते प्रतिज्ञापत्र करून दिले, सोबत नियमाची प्रत जोडली. खिडकीवरच्या बाबूने आधी नाहीच म्हटले. तरुणाने आम्ही शिकवल्याप्रमाणे नम्रपणे एवढेच म्हटले, "साहेब, नकार लेखी द्या." बाबू आत गेला, बाहेर आला आणि अर्ज घेतला. नूतनीकरण झालेला परवाना सुरतेच्या पत्त्यावर आला. एजंटाला एक पैसाही गेला नाही.

प्रत्येक वेळी असेच होईल, असे आम्ही म्हणणार नाही. 'स्वीकारू शकतो' या दोन शब्दांत अधिकाऱ्याची मर्जी दडलेली आहे. म्हणूनच एकट्याने खिडकीवर जाण्यापेक्षा संघटितपणे जावे. सुरत असो, वापी असो की इंदूर, जिथे आपली वस्ती आहे तिथे विहारही आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास कागदपत्रांसाठी ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी मुदतींची वही करावी, अर्ज भरून द्यावेत. कलम 13 आणि नियम 4 ची प्रत विहाराच्या फलकावर लावावी.

बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, ते केवळ पदवीसाठी नव्हे. आपल्या खिशातला परवाना कुठवर चालतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणताही एजंट लुटू शकत नाही.