लाल गोळीने बाळ काळं होत नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या अनेक घरांत फडताळातच राहतात. गोळीने बाळ काळं होतं किंवा पोटात फार वाढतं आणि बाळंतपण अडतं, असं सांगणारी एखादी जाणती बाई शेजारी असतेच. बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो. गोळीने काळी होते ती शौचाला, कारण सगळं लोह आतड्यात शोषलं जात नाही. त्यात धोका काहीच नाही.

या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा हा हिशेब आहे. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. चहाबरोबर मात्र नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन्हींमुळे लोह कमी शोषलं जातं. लिंबूपाणी चालेल. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की गोळीवर भागत नाही, रुग्णालय गाठावं लागतं.

‘तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये’ ही रीतही महागात पडते. दृष्ट लागेल म्हणून शेजारणीला सांगू नका हवं तर, पण आशाताईंना सांगा. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर चौथ्या आठवड्यातच मिटते, म्हणून फॉलिक आम्ल आधीपासून घेतलेलं उत्तम.

सगळ्यात फसवा समज शिकलेल्या घरांत जास्त दिसतो: सोनोग्राफी नॉर्मल आली, आता उपकेंद्रात कशाला जायचं? सोनोग्राफीत आईचा रक्तदाब दिसत नाही. सिस्टर दंडाला पट्टा बांधून जो आकडा लिहितात, तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला तर लघवीतली प्रथिनं लगेच तपासावी लागतात. बाईला काहीही त्रास जाणवत नसताना हा दाब चढलेला असू शकतो, आणि तसाच राहिला तर झटके येऊ शकतात. संध्याकाळी पावलांवर थोडी सूज बहुतेकींना येते. चेहरा-हात सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं हे वेगळं, तेव्हा पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही.

पपईचं म्हणाल तर पूर्ण पिकलेली बेतानं खायला हरकत नाही, कच्ची टाळावी. ग्रहणाने ओठ फाटत नाही. त्या दिवशी उपाशी-तहानलेलं राहून चक्कर मात्र येते.

‘मोठ्या दवाखान्यात पाठवलं, म्हणजे केंद्राला काही जमत नाही’ अशी कुरकुरही ऐकू येते. जोखीम वेळेत ओळखून पुढे पाठवणं हेच तर केंद्राचं काम. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तीही याचसाठी. सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा.