दरडीआधीची थरथर

स्वित्झर्लंडच्या माटरटाल खोऱ्यात रांडा गावाजवळचा कडा १९९१ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, दोन टप्प्यांत कोसळला. सुमारे ३ कोटी घनमीटर खडक खाली आला, नदी अडली, झेर्माटकडे जाणारा लोहमार्ग गाडला गेला. वरचा भेगाळलेला बराच भाग मात्र तसाच उभा राहिला. तो किती सरकतो हे मोजता येत होते. मूळ डोंगराला त्याची पकड किती उरली आहे, हे कळणे अवघड होते. कड्यांच्या अभ्यासात गेल्या दोन दशकांत रुळलेली एक पद्धत नेमकी ही पकडच मोजू पाहते.

जमीन कधीच पुरती स्थिर नसते. समुद्राच्या लाटा, वारा, नद्या, वाहने तिला सतत सूक्ष्म थरथरवत ठेवतात. भूकंप टिपणाऱ्यांना एरवी हा नकोसा गोंगाट वाटतो. पण माठ घेताना आपण टिचकी मारून आवाजावरून तडा ओळखतो, तशी टिचकी इथे निसर्गच अखंड मारत असतो. सुटा होत चाललेला खडक आपल्या ठरावीक वारंवारितेला जास्त जोराने हलतो. भेग वाढली की आधाराचा ताठरपणा घटतो आणि वारंवारिता खाली येते. रांडाच्या कड्यावरील मोजणीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अस्थिर भागाची कंपने कित्येक पटींनी मोठी होती आणि त्यांची दिशा भेगांना काटकोनात होती, असे त्यात दिसले. म्हणजे खोदकाम न करताही अस्थिर भागाची हद्द आखता येते.

याहून बोलका दाखला फ्रान्सच्या वेर्कोर पर्वतातला. शामुसे येथील सुमारे २१,००० घनमीटरचा खडकस्तंभ नोव्हेंबर २००७ मध्ये कोसळला, तेव्हा त्यावर यंत्रे बसवलेली होती. पडण्याआधी त्याची वारंवारिता सुमारे ३.४ हर्ट्झवरून २.६ वर आली होती. वस्तुमान तेच धरले, तर ताठरपणा जवळपास ४० टक्के घटला असा याचा हिशेब होतो.

मात्र वारंवारितेचा आकडा ऋतूंप्रमाणेही हलतो. भेगेत बर्फ गोठला की खडक जखडतो आणि वारंवारिता वाढते. उन्हाने खडक फुगून भेगा मिटल्या, तरी तसेच घडते. त्यामुळे वर्षभराची चढउतार ठाऊक असल्याशिवाय एखादी घसरण धोक्याची की नेहमीची, हे सांगता येत नाही. शिवाय पडण्याची तारीख यातून मिळत नाही. स्वित्झर्लंडमधलेच ब्रिएन्झ गाव मे २०२३ मध्ये रिकामे केले आणि जूनच्या मध्यात दरड गावाच्या वेशीशी येऊन थांबली; तो निर्णय मुख्यतः डोंगर सरकण्याच्या वेगावर घेतला होता. कंपनांची नोंद अशा मोजणीला जोड देते, तिची जागा घेत नाही.

आपल्याकडे हे तंत्र सरसकट लागू पडणार नाही. माळीण (२०१४) किंवा इर्शाळवाडी (२०२३) येथे धो-धो पावसात मातीदगडांचा लोंढा खाली आला. तिथे डोलणारा सुटा खडक नव्हता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळचे बेसाल्टचे भेगाळ कडे या पद्धतीला अधिक जवळचे. पण तिथेही यंत्र बसवून निदान दोन वर्षे नुसते ऐकत राहावे लागेल, आणि आपल्याकडे पैसा बहुधा दरड पडल्यावरच मंजूर होतो.