ट्रॅक्टरची किल्ली आणि घरातील वडीलधारी माणसे



पेरणी, खते, कीड-रोग यांच्या प्रश्नांबरोबर एक वेगळाच प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. "वडिलांचं वय ७२ झालं. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल सोडायला तयार नाहीत. बोललं की रागावतात. काय करावं?" दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच ऐकू येते. "मुलगा शहरात नोकरीला. मी नाही चालवला तर नांगरट कोण करणार?"

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. तेव्हा नुसत्या वयावर न जाता हा विषय नीट समजून घेऊ या.

कायदा काय सांगतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अमुक वयानंतर वाहन चालवू नये अशी वरची मर्यादा नाही. मात्र २०१९ साली झालेल्या सुधारणेप्रमाणे वयाची ५५ वर्षे पूर्ण झाल्यावर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांसाठीच होते. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र (नमुना १-अ) जोडावे लागते. परवान्याची मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ गेला तर वाहन चालविण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

आपल्याकडे घोळ होतो तो इथे. परवाना ट्रंकेत पडलेला असतो आणि मुदत कधीच संपून गेलेली असते. ट्रॉली भरून बाजाराला निघाल्यावर रस्त्यात काही बरेवाईट झाले, तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. म्हणजे जमिनीवरच गदा. म्हणून आजच परवाना काढा आणि तारीख पाहा. डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतानाही नुसती सही आणू नका, खरोखर तपासून घ्या.

वयाबरोबर काय बदलते?

वय वाढले म्हणून कसब जात नाही. उलट जुना माणूस वेग कमी ठेवतो, उगाच कुणाला ओलांडायला जात नाही, यंत्राचा आवाज ओळखतो. बदल होतो तो शरीरात. तोही हळूहळू, त्यामुळे ज्याचा त्याला लवकर कळत नाही.

डोळे : साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. त्यामुळे तिन्हीसांजेला आणि रात्री कमी दिसते. समोरून दिव्याचा झोत आला की नजर पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर प्रकाश आणखीच फाकतो. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, म्हणून बाजूने आलेले जनावर दिसत नाही.

मान : ट्रॅक्टरचे निम्मे काम मागे वळून पाहण्याचे. मान आखडली की मागचे पूर्ण दिसत नाही, आणि माणूस अंदाजाने चालवू लागतो.

हात-पाय : धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा वेळ वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. अर्धा सेकंद उशीर झाला तरी साडेपाच मीटर गेले. तेवढ्यात रस्ता ओलांडणारे पोर गाठले जाते.

औषधे : सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या गोळीने गुंगी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न्याहारी चुकली तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर आणि मग भान जाते. म्हणून औषध घेताना डॉक्टरांना "मी ट्रॅक्टर चालवतो" हे आवर्जून सांगावे.

हे खेड्यातच घडते असे नाही. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांची गाडी जानेवारी २०१९ मध्ये रस्त्यावर दुसऱ्या गाडीला धडकून उलटली. त्यांचे वय तेव्हा ९७ होते. खाली आलेल्या सूर्याचे ऊन डोळ्यांवर असल्याने समोरची गाडी दिसली नाही, असे त्यांनी नंतर कळविले. दुसऱ्या गाडीतील एका बाईचे मनगट मोडले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला परवाना स्वतः परत केला. दिमतीला चालक असलेल्या माणसालाही स्टिअरिंग सुटत नाही. मग उभा जन्म स्वतःच्या हाताने कष्ट केलेल्या शेतकऱ्याला ते जड जाणारच.

ट्रॅक्टरवर धोका कुठे?

१. अंगणात मागे घेताना : हा सर्वांत वाईट धोका. मान वळत नाही, इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि मागे घरचीच पोरे खेळत असतात. मागे घेताना एक मोठे माणूस खाली, चालविणाऱ्याला दिसेल असे उभे पाहिजेच. नातवंडांना मडगार्डवर बसवू नका. आजोबांचे कितीही लाड असोत, ट्रॅक्टरवर जागा एकाचीच.

२. चढ, बांध आणि चिखल : रुतलेला ट्रॅक्टर काढताना किंवा चढावर क्लच झटकन सोडला तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. याला दीड सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. तरण्या माणसालाही सावरणे कठीण, तिथे उशिरा उठणारा पाय काय करणार? ओढायचे वजन नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा, वर ॲक्सलला साखळी बांधू नका. बांधाच्या अगदी कडेने चाक घालू नका.

३. पी. टी. ओ. चा दांडा : हा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचे टोक त्यात गेले तर हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. दांड्यावर आवरण हवेच. धोतर नेसून मळणी यंत्राजवळ जाऊ नका. आधी यंत्र बंद करा, मगच खाली उतरा.

४. रस्ता : रस्त्यावर येण्यापूर्वी डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले खिट्टीने एकत्र जोडा. नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक लावा. उसाच्या हंगामात रस्त्यात उभी राहिलेली अंधारी ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही.

घरच्या घरी तपासणी

पुढील गोष्टी दिवसाउजेडी, इंजिन बंद ठेवून करून पाहाव्यात. घरच्यांनी परीक्षकासारखे समोर उभे राहू नये. आजोबांनीच स्वतःची परीक्षा स्वतः घ्यावी.

• साधारण २५ मीटरवर, म्हणजे तीस-पस्तीस ढांगांवर, उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचता येतो का? चष्मा असेल तर लावून पाहावे. परवान्याच्या अर्जातही हेच अंतर विचारलेले असते.

• सीटवर बसून दोन्ही बाजूंनी मागचा हूक दिसतो का?

• क्लच पूर्ण दाबून दहा अंक मोजेपर्यंत धरता येतो का? खाली न पाहता उजवा पाय थेट ब्रेकवर पडतो का?

• कुणाच्या आधाराशिवाय चढता-उतरता येते का?

• गेल्या वर्षात फाटकाला, झाडाला किंवा गोठ्याला ट्रॅक्टर घासला का? ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकले का?

एखादे उत्तर अडले म्हणून ट्रॅक्टर कायमचा बंद असे नव्हे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया होते, आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. चष्म्याचा नंबर बदलता येतो, औषधही बदलून मिळते. मात्र फिट येणे, अचानक शुद्ध हरपणे किंवा विसरभोळेपणा इतका वाढणे की रोजची वाट सापडेना, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी थांबावे. डॉक्टर सांगतील तोपर्यंत ट्रॅक्टर नाही, मोटारसायकलही नाही.

एकदम नको, पायरीपायरीने

बैल म्हातारा झाला की आपण त्याला आधी मोटेवरून काढून हलक्या कामाला लावत असू. माणसाच्या बाबतीत तर याहून अधिक विचार हवा. आमचा सल्ला असा :

पहिली पायरी : रात्री आणि तिन्हीसांजेला चालविणे बंद. पहाटे धुक्यात डेअरीला दूध घालायला मोटारसायकलवर जाणेही यातच आले.

दुसरी पायरी : भरलेली ट्रॉली आणि मोठा रस्ता बंद.

तिसरी पायरी : अंगणात एकट्याने मागे घेणे, चढ-उताराचे रान आणि पी. टी. ओ. ची कामे बंद.

चौथी पायरी : सपाट रानात, दिवसा, कुणीतरी हाकेच्या अंतरावर असताना जेवढे झेपेल तेवढेच.

त्यानंतर किल्ली पुढच्या हातात द्यावी. घरात पुढचा हात नसेल तर भाड्याचा ट्रॅक्टर किंवा गावातील अवजार बँक आहे. भाडे आणि आपल्या डिझेल-दुरुस्तीचा खर्च एकदा कागदावर मांडून पाहा. थोडी जमीन असेल तर भाडे परवडते, असे पुष्कळदा दिसते.

मुलांना आणि सुनांना दोन शब्द

किल्ली लपवू नका. चारचौघांत किंवा पाहुण्यांसमोर "आबांना आता दिसत नाही" असे म्हणू नका. घरातला कारभार त्या किल्लीला बांधलेला असतो. ती हिसकावली की माणसाला वाटते, आपली घरात गरज उरली नाही. मग तो हट्टाने, कुणी नसताना ट्रॅक्टर काढतो, आणि नेमका तेव्हाच घात होतो.

बोलणे एकांतात करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुम्ही सोबत जा आणि सांगायचे ते डॉक्टरांना सांगू द्या. "चालवू नका" म्हणण्याआधी आठवडी बाजार, दवाखाना आणि देवळाला त्यांना कोण नेणार, हे ठरवा. महाराष्ट्रात एस. टी. मध्ये ६५ वर्षांवरील नागरिकांना निम्मे भाडे आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

आणि त्यांना काम द्या, खरे काम. रानाला वापसा आला की नाही, नांगर किती खोल घालायचा, कुठल्या पट्टीत पाणी साचते, हे त्यांच्याइतके कुणाला कळते? नांगरट त्यांना विचारून सुरू करा. डिझेलची, ऑइल बदलल्याची, भाड्याची वही त्यांच्याकडे ठेवा. नातवाला ट्रॅक्टर शिकवायचा असेल तर त्याने परवान्याचे वय गाठल्यावर शिकवणीला आजोबाच जवळ उभे असू द्या.

आजोबा, आता तुमच्याशी

तुम्ही बैलांच्या मागे चाललात, पाटाचे पाणी रात्री-बेरात्री धरलेत, कर्ज फेडून हा ट्रॅक्टर दारात आणलात. तो चालवायचा तुमचा हक्क कुणी नाकारत नाही. पण अंगणात रांगणारे पोरही तुमचेच आहे. डोळा आणि पाय साथ देईनासे झाले की दुसऱ्याने सांगण्याची वाट पाहू नका. तुम्ही आपल्या हाताने किल्ली दिलीत तर घरात तुमचा शब्द आहे तसा राहील. अपघातानंतर ती द्यावी लागली, तर तो शब्दही जाईल आणि माणूसही.

या आठवड्यात दोनच कामे करा. परवान्यावरची तारीख पाहा आणि डोळे तपासून घ्या. त्यानंतर घरात बसून वरच्या पायऱ्यांपैकी आपण कितव्या पायरीवर आहोत ते सर्वांनी मिळून ठरवा.