तुझ्या बेडकुळीत वारा शिरलाय!

बाही वर कर. मूठ आवळ. आता हात कोपरात दुमड. आली ना दंडावर बेडकुळी? माझा धाकटा चुलतभाऊ ती दिवसातून दहादा दाखवायचा. दिसायची मात्र फक्त त्यालाच!

गंमत म्हणजे, आपल्या लोकांना कातडीखाली बसलेली बेडकी दिसली, तर रोमन लोकांना उंदीर. लॅटिनमध्ये ‘मुस्क्युलस’ म्हणजे छोटासा उंदीर. त्यावरूनच इंग्रजीतला ‘मसल’ आला.

मला तिथे मटकीची उसळ दिसते. आणि उसळीच्या मागे चक्क वारा.

स्नायू म्हणजे प्रथिनांच्या धाग्यांची जुडी. त्यात मुख्य दोन धागे, ॲक्टिन आणि मायोसिन. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. तू साधी पाटी उचललीस तरी आत ही रस्सीखेच धडाक्यात चालू!

प्रत्येक प्रथिन ही एक माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, २० प्रकारची. स्नायूंतल्या टायटिन नावाच्या माळेत तर ३४ हजारांहून जास्त मणी असतात. ओवायला बसलास तर दिवाळीची सुट्टी संपेल. या २० पैकी ९ मणी आपल्या शरीराला बनवता येत नाहीत. ते ताटातूनच यावे लागतात.

उसळ खाल्लीस की मटकीची माळ जशीच्या तशी दंडात जाऊन बसत नाही बरं का. पचनात ती तुटते, मणी सुटे होतात, रक्तातून स्नायूंपर्यंत पोचतात आणि तिथे तुझी माळ ओवली जाते. कोरड्या १०० ग्रॅम मटकीत साधारण २३ ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आणले की ती खूप वाढतात, असं घरोघरी सांगतात. खरं तर फडक्यात बांधलेली मटकी फुगते ती पाण्याने. पण मोडाची मटकी पचायला सोपी, हे मात्र खरं.

डाळी-कडधान्यांत लायसिन नावाचा मणी भरपूर, मेथिओनिन कमी. भात-भाकरीत नेमकं उलट. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी अशा जोड्या जमतात. दोन्ही एकाच घासात हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं.

आणि नुसतं खाऊन बेडकुळी येत नसते. तालमीतले पैलवान भिजवलेले हरभरे खातात, पण जोर-बैठकाही काढतात ना? स्नायूला ताण पडला की मगच तो जास्त माळा ओवायला घेतो.

पण वारा कुठे आला यात?

प्रत्येक मण्यात नायट्रोजन असतो. हवेत तो ७८ टक्के आहे, तरी आपण तो नाकाने आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. कारण त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट मिठी मारून बसलेले असतात. युरियासाठी ती मिठी सोडवायची तर कारखान्यात ४०० अंशांहून जास्त उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. मटकी, तूर, चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू तेच काम मातीत, गारव्यात, गुपचूप करतात! झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नायट्रोजन देतात. तोच पुढे दाण्यात, उसळीत आणि तुझ्या दंडात.

खरं वाटत नाही? कुंडीत चवळीचे चार दाणे पेर. शेतातली माती मिळाली तर उत्तम, त्यात हे जिवाणू बहुतेक असतातच. फुलं येऊ लागली की एक रोप अलगद उपट आणि मुळं पाण्यात धू. मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोड.

आत लालसर! आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतलं लेगहिमोग्लोबिन तिथे असतं. ते प्राणवायू धरून ठेवतं, नाहीतर जिवाणूंचं काम बिघडेल. आणि तुझ्या बेडकुळीचा लाल रंग? तो मायोग्लोबिनचा. तेही त्याच भावकीतलं.