हाडांचा प्रॉव्हिडंट फंड

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण असे की, वागळे इस्टेट, कळवा आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे वावरताना आम्ही कामगारांचे पगार वाढताना पाहिले, तसे त्यांचे खांदे वाकतानाही पाहिले. त्याला सगळे ‘वय झाले’ एवढेच म्हणत. ते खरे आहे; पण अर्धेच.

हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. जुने हाड पोखरून काढणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशी त्यात जन्मभर काम करीत असतात. हा एक प्रॉव्हिडंट फंडच समजा. तिशीपर्यंत भरणा जास्त, मग काही वर्षे बरोबरी, आणि पुढे उचल जास्त. स्त्रियांत पाळी थांबल्यावर पहिली काही वर्षे ही उचल फार झपाट्याने होते. म्हणूनच ओल्या फरशीवरून घसरण्याचे निमित्त होते आणि मनगट किंवा खुबा मोडतो.

स्नायूंचेही तसेच. तिशीनंतर दर दहा वर्षांत ते शेकडा 3 ते 8 या प्रमाणात घटतात. साठीनंतर अधिक वेगाने. त्यांतले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी रोडावतात. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीचा धक्का बसला, तर तरुण माणूस पाय पुढे टाकून सावरतो. वृद्धाला तोल गेल्याचे कळते, पण पाय वेळेवर पुढे येत नाही.

सांध्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांतील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची झीज सहसा भरून येत नाही. वर्षानुवर्षे ओझी उचलून ती वाढते. तेव्हा कष्टाने शरीर झिजत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचे कलम घातले गेले, ते उगीच नव्हे.

परंतु येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. निवृत्तीच्या समारंभात हार घालताना आम्ही सांगत आलो, ‘दादा, पुष्कळ राबलात, आता बसून खा.’ एका फिटरदादांनी तो सल्ला अक्षरशः पाळला. दोन वर्षांनी भेटावयास गेलो, तर खुर्चीतून उठताना त्यांना सुनेचा हात लागत होता. स्नायू काय, हाड काय, बेताचा भार पडत राहिला तरच टिकते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते.

गेलेले बळ काही अंशी परतही मिळते. 1990 साली अमेरिकेत बॉस्टन येथे नव्वदीच्या दुबळ्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करवून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. मग साठीच्या माणसाने आशा का सोडावी?

डॉक्टरांना विचारून, हाताचा आधार न घेता खुर्चीतून रोज काही वेळा उठावे-बसावे. तलावपाळीला किंवा कल्याणच्या काळ्या तलावाभोवती उन्हात फेरी मारावी. जेवणात डाळ, दूध, नाचणी असावी. चालत असेल त्याने अंडी खावीत. आणि निवृत्त होणाऱ्याला हार घालताना ‘आता बसून खा’ असे कोणी म्हणू नये. आम्ही तर ते केव्हाच सोडले.